मांजरही आत येणार नाही

त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळे त्याला गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे कारागिराच्या हातातला तो लोखंडी काटकोन, कोपरा बरोबर आहे की नाही ते बघायचा. हा माणूस तो काटकोन पँटच्या मागच्या खिशात घालून चाळीस वर्षं हिंडला. कुणी जेवायला बोलावलं तरी पानावर बसायच्या आधी दाराची चौकट तपासायचा. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसला होता, तर समोरच्या खिडकीला गुण्या लावून बघितला आणि ती दोन सूत बाहेर आहे म्हणून खुद्द डॉक्टरांनाच झापलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय. तर हा म्हणे, "असल्या खिडकीसमोर तासभर बसवल्यावर दुसरं काय होणार!"

बायको म्हणायची, "तुमच्या त्या गुण्यात लोखंड बसतं, माणूस बसत नाही."

"माणसानं सरळ राहावं, मग बसेल," हा म्हणायचा. असल्या माणसाशी बोलणार तरी काय?

त्याचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी शेड. आत अँगलच्या चळती, जाळीच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात वेल्डिंगचं मशीन, आणि जमिनीवर लोखंडाचा काळा भुगा, जो बायकोच्या मते त्यांच्या घरातल्या मिठाच्या बरणीपर्यंत पोचला होता. तो फाटकं करायचा, खिडक्यांचे ग्रिल करायचा, पण त्याची खरी ख्याती कुंपणाची. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दीड फुटाचा अँगल तो तिरपा जोडायचा, रस्त्याच्या बाजूला झुकलेला. त्याला तो 'हात' म्हणायचा. त्या हातांवरही जाळी ताणलेली. म्हणजे चोर खांबाला धरून वर आला की डोक्यावर छप्पर! पुढे जायचं तर माकड व्हायला हवं. काम झालं की गुण्या दोन पावलं मागे जायचा, हात झटकायचा आणि गिऱ्हाइकाला ठरलेलं वाक्य ऐकवायचा, "आता निर्धास्त झोपा. माणूस सोडा, मांजरही आत येणार नाही."

चाळीस वर्षं हे वाक्य म्हटलं त्यानं. कुणी खोटं पाडलं नाही.

तसा तो नाकावर माशी बसू देणारा नव्हता. गिऱ्हाइकानं 'इथे जरा असं केलं तर?' म्हटलं की याचं उत्तर तयार, "मग तुम्हीच करा की, मशीन देतो." जगात एकाच माणसासमोर त्याचा आवाज खाली यायचा, ते माणूस म्हणजे ताई. सात वर्षांनी मोठी. आई कामाला जायची, त्यामुळे याला कडेवर घेऊन हिंडायचं काम तिचंच. त्याला मांडीवर थोपटत थोपटत तिनं पाढे पाठ केले. पुढे ती नर्स झाली, एकतीस वर्षं वॉर्डात काढली आणि निवृत्त झाली. वॉर्डाची सवय अशी की भांडं सरकलं तरी तिचे डोळे उघडत, आणि दुपारी झोपलेली तर ती कुणी बघितलीच नव्हती. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात संसाराला लागली होती. बासष्ट वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, ठिणग्यांनी शर्टाची चाळण झालेल्या या गृहस्थाला ती अजून 'बाळ' म्हणायची, आणि तो ओ द्यायचा.

पण एक गोष्ट त्याला आयुष्यभर खुपत आली होती. ताईनं त्याच्याकडे कधी काही मागितलंच नाही. खिडक्यांना ग्रिल करून देतो म्हटलं, तर म्हणाली, "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? जुनी थर्मामीटरं?" फाटक देतो म्हटलं, तर म्हणाली, आहे ते लाकडी चांगलंय. ज्या हातांनी अख्ख्या वस्तीला कुंपणं घातली, त्या हातांचा एक खिळा बहिणीच्या घरात नाही! मनातल्या मनात तो रुसून बसला होता. म्हणून परवा परवा तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाळ, मला मागच्या बागेला कुंपण करून देशील?" तेव्हा त्यानं हातातलं काम तसंच टाकलं, गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगितलं आणि स्कूटरला किक मारली. गिऱ्हाईक उद्या आलं तेव्हा त्याला परवा या म्हणून सांगितलं, ती गोष्ट वेगळी.

ताईचं घर एका रांगेतलं सहावं. पुढे गल्ली, मागे बाग, आणि बागेच्या पलीकडे मोठा रस्ता, मालट्रकांचा. बाग म्हणजे पंचवीस बाय वीस फुटांची जागा: एक लिंबाचं झाड, गुलाबाची सहा-सात रोपं, पुदिन्याचा वाफा, आणि मधोमध भावोजींची वेताची खुर्ची. या बागेत ताईची तीन मांजरं नांदत होती. जमादार नावाचा एक धिप्पाड बोका, चिमटी नावाची काडीसारखी मांजरी, आणि रेशीम. रेशीम सगळ्यांत लाडकी. भावोजींच्या शेवटच्या आजारात ती त्यांच्या पायाशी बसून असायची.

आठ महिन्यांपूर्वी रेशीम जुन्या कुंपणातून रस्त्यावर गेली. ट्रक गेला. ताई टोपली घेऊन गेली आणि टोपली घेऊन परत आली. इतकंच तिनं भावाला फोनवर सांगितलं होतं, आणि पुढे जेवलास का विचारलं होतं.

त्या दिवसापासून मागचं दार बंद. नुसतं बंद नाही, वर कडी, खाली कडी, आणि त्याला खुर्ची टेकवलेली. जमादार आणि चिमटी दिवसभर खिडकीच्या फळीवर बसून बागेकडे बघत आणि असा काही सूर लावत की ऐकणाऱ्याला अपराध्यासारखं वाटावं. आणि ताई? ती तासातासाला उठून कड्या तपासायची, मांजरं मोजायची. "एक... दोन." दोनच तर होती, पण मोजायची. बागेत ती स्वतःही जाईना. गुलाब वाळले.

"दार उघडायचं म्हटलं की माझ्या हातापायांतलं बळ जातं रे," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भावासमोर असं काही कबूल केलं. "पण यांना कोंडून ठेवलंय ते बघवत नाही. असं काहीतरी कर की ही बागेत हिंडतील आणि बाहेर जाणार नाहीत. मला पुन्हा टोपली घेऊन जायचं नाहीये, बाळ."

आतून हलला की हा माणूस जास्तच मोठ्यानं बोलतो, त्याला कोण काय करणार! "ताई, तू काळजीच सोड. असं कुंपण करतो की बघत राहशील."

तिनं त्याला एक घडी केलेला कागद दिला. "हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काढून दिलाय. मांजरांसाठी कसं कुंपण लागतं त्याचं चित्र आहे. बघून घे."

गुण्यानं कागद घेतला, शर्टाच्या वरच्या खिशात घातला आणि टेप काढून मापं घ्यायला लागला. कागद उघडला नाही. चाळीस वर्षं कुंपणं करणाऱ्याला औषधं देणारी बाई कुंपण शिकवणार! ताईनं दिलाय म्हणून खिशात तरी ठेवला, दुसऱ्या कुणी दिला असता तर त्याची पुडी करून सुपारी ठेवली असती.

काम चार दिवस चाललं. बायकोला त्यानं खांब धरायला बरोबर घेतलं, कारण या कामाला परक्याचा हात लावायचा नाही असं त्याचं म्हणणं. तीन बाजूंना मिळून सतरा खांब, सहा फुटी. एक इंची जाळी, जस्ताचा मुलामा दिलेली, जमिनीत वीतभर गाडलेली. प्रत्येक खांब गुण्या लावून तपासलेला. जुनं लाकडी फाटक त्यानं उपटून काढलं आणि ती जागाही जाळीनं बंद केली.

"अरे, मागचं फाटक?" ताईनं विचारलं.

"दार म्हटलं की भोक आलं. जितकी दारं तितक्या काळज्या," हा म्हणाला. ते वाक्यही ठरलेलंच.

आणि शेवटी सतरा खांबांवर सतरा हात. ग्राइंडरच्या आवाजानं घरातली दोन्ही मांजरं पलंगाखाली जाऊन बसली होती. चिमटीनं तर चार दिवस या माणसाचा पाय दिसला तरी कान पाडले. तिसऱ्या दिवशी ताई खिडकीतून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाळ, हे वरचे अँगल बाहेरच्या बाजूला का झुकवलेस?"

वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारत गुण्या म्हणाला, "ताई, सुई तुझी, लोखंड माझं. मी कधी तुला इंजेक्शन कुठे टोचायचं ते सांगितलं का? लोखंड माझ्यावर सोड."

"बरं," ताई म्हणाली आणि खिडकीतून बाजूला झाली.

बायकोनं खांब धरल्या धरल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं. "ऐकून तरी घ्यायचं होतं."

"तू खांब हलवू नकोस," हा म्हणाला.

काम पुरं झालं त्या दिवशी ताईनं आठ महिन्यांनी मागच्या दाराच्या दोन्ही कड्या काढल्या. जमादार आधी उंबऱ्यावर बसला, नाक वर करून हवा हुंगली आणि मालकासारखा डौलात बागेत उतरला. चिमटी त्याच्या मागून, पोट जमिनीला लावून. ताईनं पदर तोंडाशी धरला. गुण्या दोन पावलं मागे गेला, हात झटकले, आणि वाक्य म्हणणार इतक्यात त्यालाच वाटलं, आज नको, ताई रडतेय. इतकी अक्कल त्याला त्या दिवशी कुठून आली कोण जाणे. घरी जाताना मात्र स्कूटरवर बायकोला म्हणाला, "आयुष्यातलं एक नंबरचं काम झालं बघ."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो चहाच्या निमित्तानं ताईकडे गेला. चहा कसला, कौतुक ऐकायला गेला होता. ताई दारातल्या पायरीवर बसून मांजरांवर डोळा ठेवून होती. कुंपण झालं तरी तिची नजर काही हटत नव्हती. भाऊ आला तशी ती आधण ठेवायला आत वळली. बशी काढायला लागतो तितकाच वेळ.

कुंपणाच्या वर एक चिमणी येऊन बसली. चिमटीनं झेप घेतली, जाळीला नखं अडकवून सरसर वर गेली. गुण्या बघत होता आणि हसत होता. जा, जा, कुठे जातेस बघू! चिमटी सहा फूट चढली, आणि पुढे तिरप्या जाळीवरून, जिना चढावा तशी चार पावलं टाकत थेट टोकाला जाऊन उभी राहिली. खाली बघितलं. आणि टुणकन पलीकडे उतरली.

गुण्याच्या हातातला बिस्किटाचा तुकडा तसाच राहिला. बाहेरून येणाऱ्याला जे छप्पर, तोच आतून जाणाऱ्याला जिना. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात एकदाही आली नव्हती, कारण चाळीस वर्षांत त्यानं आत राहणाऱ्याचा विचारच केला नव्हता. त्याचं सगळं लक्ष चोरावर!

"ताई!" त्यानं हाक मारली.

ताई बाहेर आली. तिनं मोजलं. "एक..." आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. चिमटी दचकली, उलटी फिरली आणि घराकडे झेपावली. जाळीला नखं अडकवून वर चढली, वर आली, आणि डोकं त्या झुकलेल्या हाताखाली अडलं. पंजा इकडे टाकला, तिकडे टाकला, धप्पकन खाली. पुन्हा चढली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा जाळीला अंग घासत ओरडायला लागली. माणूस सोडा, मांजरही आत येणार नाही. अगदी खरं! काम पक्कं केलं होतं त्यानं.

ताई धडपडत कुंपणापाशी गेली. तिचा गुडघा वर्षभर दुमडत नव्हता, पण ती त्या गुडघ्यावरच मातीत बसली, जाळीतून दोन बोटं बाहेर काढली आणि बोलायला लागली. "आहे गं, मी इथेच आहे. बस इथे. बस माझ्याजवळ." तो तिचा वॉर्डातला आवाज होता, ऑपरेशनला नेताना माणसांशी बोलायचा. चिमटीनं बोटांना नाक लावलं. मध्ये एका तारेची जाळी, इंचभराचं अंतर, आणि फाटक नाही.

"मी आणतो तिला," म्हणत गुण्या पळत सुटला. घरातून पुढच्या दारानं गल्लीत, दहा घरांची रांग संपेपर्यंत, मग वळसा घालून मोठ्या रस्त्यावर. बासष्टाव्या वर्षी त्यानं पायातली एक चप्पल गल्लीतच टाकली. कुंपणाच्या बाहेर पोचला तेव्हा चिमटी जाळीला चिकटून बसली होती. दोन्ही हात पुढे करून तो वाकला. चिमटीनं त्याला बघितलं. ग्राइंडरवाला! ती बाणासारखी सुटली, ती थेट रस्त्यात.

करकचून ब्रेक लागला. ट्रकचं चाक हातभर अंतरावर थांबलं, ड्रायव्हरनं गुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि चिमटी रस्त्याच्या मधोमध, अंग चोरून, डोळे विस्फारून बसली. गुण्याला पुढे जाता येईना की मागे. एक पाऊल टाकलं तर ती पलीकडच्या लेनमध्ये जाणार.

"बाळ, मागे हो." जाळीमागून ताईचा आवाज आला. "तू मागे हो. तुला घाबरतेय ती."

तो मागे झाला. एक पाऊल, दोन, दहा. ड्रायव्हर शिव्या आवरून थांबून राहिला, देव त्याचं भलं करो. ताई बोलतच होती, तोच सूर, न वाढवता, न थांबता. चिमटी उठली, पोट घासत आली आणि पुन्हा जाळीला लागली.

आणि तेव्हा गुण्यानं आपलं कुंपण पहिल्यांदा बाहेरून बघितलं. म्हणजे खरोखर बघितलं. सतरा हात त्याच्या अंगावर आल्यासारखे झुकलेले, आणि त्यांच्याखाली, जाळीच्या पलीकडे, मातीत बसलेली ताई. जाळीतून तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत दिसत होता. ज्या बाईनं बासष्ट वर्षांत एक गोष्ट मागितली, तिला आपण हे दिलं! त्याला स्वतःच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. पण त्यालाही वेळ नव्हता.

तो पुन्हा वळसा घालून घरात आला. स्कूटरच्या डिकीत जाळी कापायची कातर होती. ग्राइंडर लावला असता तर दोन मिनिटांचं काम, पण ग्राइंडरचा आवाज झाला की चिमटी गेली. आवाज होऊ नये म्हणून त्यानं कातरीच्या सांध्याला रुमाल गुंडाळला, पायातली उरलेली चप्पल काढली आणि ताईच्या शेजारी मातीत पालथा पडला.

"हळू," ताई चिमटीशी बोलण्याच्या सुरातच म्हणाली. "मी बोलतेय तोवर काप. मी थांबले की थांब."

कट. एक तार. चिमटीचे कान मागे गेले. ताई बोलत राहिली. कट. दुसरी. बावीस तारा कापायच्या होत्या. वर्कशॉपमध्ये अशा बावीस तारा तो बोलता बोलता उडवायचा. आज एकेका तारेला घाम फुटत होता. मागून ट्रक जात होते. दहाव्या तारेला हॉर्न वाजला आणि चिमटी उठून उभी राहिली. ताई थांबली, तो थांबला. ताईनं पुन्हा सुरुवात केली. आता ती काय बोलत होती हे गुण्याला ऐकू आलं. ती पाढे म्हणत होती. "बे एके बे, बे दुणे चार..." त्याला थोपटताना म्हणायची, तस्से.

बाविसावी तार तुटली. त्यानं तो जाळीचा तुकडा आपल्याकडे वाकवला. वीतभर रुंद भोक पडलं, आयुष्यातल्या एक नंबरच्या कामाला. खालच्या कडेला तारांची टोकं सुयांसारखी वर आलेली होती. चिमटीच्या पोटाला लागतील म्हणून त्यानं आपला पंजा उताणा करून त्या टोकांवर ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, म्हणजे तिला त्याचा चेहरा नको दिसायला. खालून टोकं हाताला टोचत होती. मग वरून काहीतरी मऊ टेकलं. एक पाऊल. मग दुसरं. चिमटी त्याच्या तळहातावर पाय देऊन आत आली आणि ताईच्या मांडीत घुसली.

जमादार खुर्चीवर बसून अंग चाटत होता, त्याचं या प्रकरणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं.

हात पुसायला गुण्यानं रुमाल सोडवला, तेव्हा खिशातला कागद मातीत पडला. त्यानं तो पहिल्यांदा उघडला. पेनानं काढलेलं साधं चित्र होतं. एक खांब, त्याचं डोकं बागेच्या बाजूला वाकलेलं, खाली बसून वर बघणारं मांजर. शाळेतल्या पोराला कळलं असतं.

"ताई, मी वाचलाच नव्हता गं कागद."

"माहीत आहे. चार दिवस त्याचं टोक तुझ्या खिशातून डोकावत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की. तू म्हणालास, लोखंड माझ्यावर सोड." तिनं चिमटीच्या पाठीवरून हात फिरवला. "सोडलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गुण्या मांडी घालून मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. ताईनं त्याचा हात ओढून घेतला, उलटा करून बघितला. तळहाताच्या मागे आठ ठिकाणी रक्त आलं होतं. "धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लागेल," ती म्हणाली. "कुठे टोचायचं ते मी सांगते." आणि हसली. एवढं झाल्यावर ही बाई हसली!

दार पुन्हा बंद झालं. दोन्ही कड्या, वर खुर्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गुण्या हजर, बायकोसकट. सतराच्या सतरा हात कापून काढले. एकेक हात आतल्या बाजूला फिरवून पुन्हा जोडला, आणि जोडण्याआधी प्रत्येक वेळी तो खाली बसून, मान वर करून बघायचा. मांजराच्या उंचीवरून. बायको म्हणाली, "नाक घासून बघता का आता?" यानं खरंच घासून बघितलं. लिंबाची एक फांदी कुंपणाच्या फार जवळ येत होती. ती छाटू का म्हणून त्यानं ताईला विचारलं. विचारलं! बायकोनं हातातला अँगल सोडून त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

जिथे भोक पाडलं होतं तिथे त्यानं जाळी सांधली नाही. तिथे फाटक केलं. छोटंसं, लोखंडी, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडणारं कुलूप असलेलं, आणि किल्ली ताईच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

सहाव्या दिवशी दुपारी रंगाचा शेवटचा हात राहिला होता. ब्रशच्या कामाला आवाज नसतो, म्हणून ताईनं स्वतः दार उघडलं आणि भावोजींच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसली. जमादार डौलात कुंपणावर चढला, वर पोचला, डोकं हाताखाली अडलं. लोंबकळत त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, विचार केला, आणि खाली उतरून, आपल्याला तिकडे जायचंच नव्हतं अशा थाटात पुदिन्यात जाऊन पसरला. त्याच्या मागून चिमटीनं दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं. गुण्याला हसू आवरेना. सांगायला वळला, तर ताईची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडलेली, तोंड जरासं उघडं. ताई झोपली होती. भर दुपारी. मागचं दार सताड उघडं टाकून.

रस्त्यावरून ट्रक गेला. तिची पापणी हलली नाही.

गुण्याचा फोन थरथरला. त्यानं तो घाईनं कानाला लावला आणि तोंडावर हात धरून बोलला. नवं गिऱ्हाईक होतं, बंगल्याला कुंपण हवं होतं, तुमचं नाव फार ऐकलंय म्हणाले, मांजरही आत येत नाही म्हणतात.

"उद्या मापं घ्यायला येतो," गुण्या कुजबुजला. "घरात कोण कोण राहतं, तेवढं मात्र आधी सांगा."

रंगाचा डबा त्यानं झाकला. दोन खांब राहिले होते, राहू देत. पायरीवर चप्पल काढून तो बसला. दीड तास बसला. चिमटी एकदा येऊन त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताचा वास घेऊन गेली. उन्हं कलायला लागली तेव्हा ताई दचकून जागी झाली. आधी तिनं बागेवरून नजर फिरवली. "एक... दोन." मग दाराकडे बघितलं.

"अगंबाई, उघडंच राहिलं की रे," ती म्हणाली.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "राहू दे उघडं."